यशवंता, तुझा विडा माझ्याकडंच राहिला

सन एकोणीसशे अडतीस, मार्गशीर्ष महिना. माझं वय त्रेसष्ट. तुझंही माघात त्रेसष्ट पुरं होणार होतं, तेवढंही तू थांबला नाहीस. लहानपणी विहिरीत उडी टाकायची झाली की "ज्ञान्या, आदी तू" म्हणायचास, आणि मी कासोटा आवळीपर्यंत धाडकन तूच पाण्यात पडलेला असायचास. आताही तसंच केलंस की.

तुला जाऊन नऊ दिवस झाले. उद्या दहावा. शाळेचा मास्तर म्हणाला, "आबा, तुम्ही दोन शब्द सांगा, मी लिहून घेतो आणि चावडीवर वाचतो." मी म्हटलं, मीच लिहीन आणि मीच वाचीन. मोडकं असलं तरी अक्षर माझं आहे. खरं बोलायचं तर तेही तुझ्यामुळंच. मी तिसरीत शाळा सोडली, तू सहावीपर्यंत गेलास. मग पंचेचाळीस वर्षांनी मी नीट लिहायला शिकलो ते तुरुंगात, आणि तुरुंगात मला धाडलंस तू. तेव्हा ह्या ओळींत कुठं काना-मात्रा चुकला तर हसायचा हक्क तुला आहे.

तू पाटील होतास, वतन किती पिढ्यांचं, जमीन किती, हे गावाला ठाऊक आहे. ते मी लिहीत नाही. आपल्या दोघांत जे राहून गेलं ते लिहितो.

तीस साली सोलापुरात लष्कराचा अंमल बसला. गोळ्या झाडल्या, गांधीटोपी दिसली की माणूस धरत होते. वैरागच्या बाजारात ती बातमी आली आणि आमची डोकी तापली. दुसऱ्या दिवशी बारा जणांनी ओढ्याकाठची, दारूसाठी राखलेली सरकारी शिंदीची झाडं आडवी केली. बारावा माझा शंकर होता. त्याच्या हातातली कुऱ्हाड तुझ्याच गोठ्यातली, न विचारता उचललेली. तू बांधावर उभा राहून सगळं बघत होतास. तोंडानं एवढंच म्हणालास, "ज्ञान्या, झाड तोडून सरकार पडत नसतं." मी म्हटलं, "मग तू कशाला थरथरतोस?"

चार दिवसांनी फौजदार आला. तुझ्या चावडीचा शिपाई दादू मुलाणी पुढं, फौजदार मागं, असे ते घरोघर फिरले. माझ्या दारात दादूनं मान खाली घातली होती. "आबा, हुकूम हाय," म्हणाला. मी त्याच्या पायांपुढं थुंकलो.

कोर्टात तू शपथ घेऊन उभा राहिलास आणि एकेक नाव घेतलंस. पहिलं माझं. मी तुझ्या डोळ्यांत बघत होतो, तू साहेबाच्या टेबलाकडं बघत होतास. अकरा नावं झाली. बाहेर लिंबाखाली शंकर उभा होता, त्याच्या बायकोला आठवा महिना होता. साहेबानं विचारलं, "आणखी कोणी?" तेव्हा पहिल्यांदा तू माझ्याकडं पाहिलंस. आणि म्हणालास, "न्हाय साहेब. ह्येवडंच."

तुझी कुऱ्हाड ज्याच्या हातात तू बघितली होतीस त्याचं नाव तू गिळलंस. जन्मात एकदा खोटी शपथ घेतलीस ती माझ्या पोरासाठी. मला ते त्याच क्षणी कळलं. बेड्या घालून नेताना मला तुझा राग आला तो पहिल्या नावाचा नव्हता, ह्या बाराव्याचा होता. वैरी म्हणून तुला धड शिव्याही देता येईनात.

हे मी तू जाईपर्यंत कुणाला बोललो नाही. उद्या चावडीवर वाचताना गावाला पहिल्यांदा कळेल.

सरकारशी तह झाला, आम्ही सुटलो. गावानं वेशीपासून वाजत आणलं. संध्याकाळी चावडीत बैठक बसली. आपल्या गावाची रीत तुला मी काय सांगू, पण बाहेरगावची पाहुणेमंडळी ऐकतील म्हणून लिहितो. बैठक संपली की पानाचं तबक फिरतं. एखाद्याशी गावाला संबंध तोडायचा असला तर ज्याची तक्रार असेल तो उठतो आणि तबक त्या माणसापुढं पालथं घालतो. झालं, त्याचं पान बंद. त्याच्या घरचं पाणी बंद, त्याच्या मयताला खांदा बंद. उघडायचं असलं तर ज्या हातानं तबक पालथं घातलं त्याच हातानं विडा करून त्याच्या दारात न्यायचा. विड्याचे दोन तुकडे, अर्धा त्यानं खायचा, अर्धा आपण.

मी उठलो आणि तबक तुझ्यापुढं पालथं घातलं. तू पानं गोळा करायला वाकलास, सवयीनं. मग तुझ्या ध्यानात आलं आणि हात मागं घेतलास. तेवढ्यावर मी थांबायला पाहिजे होतं. पण गाव बघत होतं, गळ्यात हार होता, जीभ सैल सुटली. "पाटलाचं पान बंद, आन् त्याच्या हुकमानं जो फिरला त्याचंबी बंद!" दारापाशी कंदील पुसत दादू बसला होता. त्यानं कंदील खाली ठेवला आणि निघून गेला.

म्हातारे बापूराव म्हणाले, "ज्ञानबा, पाटलाच्या बाजूनं सांगण्यासारखं काय आसंल तर आताच सांग बाबा." सांगण्यासारखं माझ्यापाशी होतं. माझ्या पोराला पाटलानं वाचवलं असं म्हटलं असतं तर माझ्या गळ्यातला हार तिथंच सुकला असता. मी म्हटलं, "काय न्हाय."

महिन्याभरात तू तालुक्याला जाऊन राजीनामा ठेवलास. सरकारला वाटलं तू फितलास, गावाला वाटलं तू भ्यालास. तुझा चुलतभाऊ अंबादास पाटलाच्या जागी बसला. त्याला शिवारातली अर्धी नावं येत नव्हती.

त्यानंतर आपण एकदाच नीट बोललो, आठवतं? वैरागच्या रस्त्याला, तुझ्या बैलगाडीचं चाक चाकोरीत रुतलं होतं. वाटेवर दुसरं कुणी नव्हतं. पान बंद असलेल्या माणसाच्या चाकाला हात लावावा का नाही ह्याचा मी विचार करत उभा होतो.

"लाव की हात," तू म्हणालास, "चाकाचं पान कुटं बंद हाय?"

मी खांदा लावला. चाक निघालं. मग मला राहवेना. "का दिलीस रं नावं?"

"न्हाय दिली आसती तर फौजदारानं अख्ख्या गावाची पाठ सोलली आसती. सोलापुरात काय झालं ते ऐकलंस न्हवं? मी अकरा दिली, गाव ठेवलं."

"गाव ठेवाया तुला सांगितलं कुणी?"

"पाटलाला सांगाया लागत न्हाय."

"चाकरी कुणाची करत हुतास, त्ये बोल."

तू कासरा हातात घेतलास. "त्येच मला बी कळंना झालं. म्हनून तर सोडली." असं म्हणून गाडी हाकलीस. मला म्हणायचं होतं, शंकरला पोरगा झालाय, ये बघायला. गाडी वळणापर्यंत गेली तरी मी तसाच. पुढचं भांडण मनात आठ वर्षं चालू आहे, दोन्ही बाजूंनी मीच बोलतो. जिंकतो मात्र तूच, मेल्या.

मागल्या साली मुंबईला आपल्या लोकांचे मंत्री बसले. गावात पंचायत करायचं ठरलं, पाच जागा, मला मधे बसवलं. चार नावं झाली, पाचव्याला अडलं. कुठल्या विहिरीत कुणाचा वाटा, पाणंद कुणाच्या बांधावरनं, कुठला सारा कधी माफ झाला, एकालाही सांगता येईना. मास्तर चाचरत म्हणाला, "आबा, पाचव्या जागी जुने पाटीलच पाहिजेत."

"ज्यानं आमाला तुरुंगात घातलं त्याला आमच्याच मांडीला मांडी लावून बसवू?"

"आबा, तुरुंगातले जेलरसुद्धा तेच आहेत, कोर्टातले कारकूनही तेच आहेत. मंत्री बदलले. सगळ्यांनाच घरी बसवलं तर कागद कुठला कुठं आहे हे कोण सांगणार?"

"मग जेलरलाबी बोलीव. त्योबी भाकरी बरी द्यायचा."

सगळे हसले, पण मास्तर हसला नाही. दोन महिने मी अडून बसलो. शेवटी सगळे तोंडावर बोलायला लागले तेव्हा विडा केला. पण तुझ्या दारात मी यायचं? तू यायला पाहिजे होतास, अशी माझी अक्कल. विडा मास्तरच्या हाती दिला. रीत मोडतो आहे हे मला पक्कं ठाऊक होतं. तुला तरी ते खपेल, तुला गरज आहे, असं वाटलं.

अर्ध्या तासात विडा परत आला. मास्तरनं निरोप सांगितला तो मला अजून शब्दाला शब्द पाठ आहे. "ज्या हातानं बंद झालं त्या हातानं यिऊ द्या. आन् माझ्या आदी दादूला द्या. हुकूम माझा हुता, पाय त्याचं हुतं. मला बोलावताय कारण मला म्हाईती हाय. त्याला काय म्हाईती न्हाय म्हनून त्याला इसरला व्हय?"

मी भडकलो. म्हटलं, बघा माज, मेलेल्या पाटीलकीचा! तो विडा मी गाईला घातला. दादूचं मात्र तेव्हा मनात आलं. आठ वर्षं तो वैरागच्या अडतीवर पोती वाहतो, पहाटे जातो, दिवेलागणीला येतो, आणि गावात येताना पाणंदीच्या आडवाटेनं येतो, कुणाचं दार लागू नये म्हणून. मनात आलं आणि मी ते बाजूला सारलं. तुझ्या सांगण्यावरनं करायचं म्हणजे तुझं खरं झालं असतं.

मग दसरा झाला आणि गायरानाचं भांडण उठलं. पावसाळ्यात ओढ्यानं शिवेचा दगड पाडला होता, नाल्यापल्याडच्या गावानं तो उचलून शंभर पावलं आत रोवला. मोजणीदार आला. आमच्या बाजूनं पंचायतीचे चार जण, त्यांच्या बाजूनं त्यांचे म्हातारे. ते बोट दाखवून सांगत होते, आम्ही नुसते ओरडत होतो. अंबादासला विचारलं तर तो म्हणाला, "हितंच कुटंतरी आसंल." मोजणीदार कागद गुंडाळायला लागला. गायरान जाणार हे दिसत होतं, आणि गायरान गेलं की गावातल्या निम्म्या गुरांनी चरायचं कुठं?

तेवढ्यात तू नाल्याच्या काठानं येताना दिसलास. पंचांच्या घोळक्यात आला नाहीस. वीस हात लांब थांबलास, काठी जमिनीत रुतवलीस आणि म्हणालास, "हितं खना. कमरंएवडं." कुणाकडं बघितलं नाहीस.

खणलं. गुडघाभर माती, काही नाही. पल्याडचे हसायला लागले. मांडीपर्यंत गेले, काही नाही. तू उभाच. मग कुदळीला काळं लागलं. कोळसा, ओंजळीनं निघावा एवढा कोळसा, आणि मडक्याची खापरं. तू मोजणीदाराला म्हणालास, "माझ्या आज्यानं पुरला, बापानं मला दावला. दगड कोनबी सरकावतंय सायेब. खालचा कोळसा कोन सरकवनार? कुजत बी न्हाय त्यो."

मोजणीदारानं कागद उलगडला. गायरान राहिलं.

आमच्या लोकांनी आरोळी दिली. कुणीतरी तांब्या भरून तुझ्याकडं धावलं आणि मधेच थबकून माझ्याकडं बघितलं. तूही बघितलंस. मी 'दे' म्हणायला पाहिजे होतं. एक अक्षर. मी धोतराची माती झटकत राहिलो. तू उपरण्यानं तोंड पुसलंस आणि ऊन डोक्यावर घेऊन तहानेला परत गेलास. त्या दिवसाचं मला रोज आठवतं, यशवंता. कोर्टातलं नाही एवढं.

मागल्या पंधरवड्यात कळलं तुझी छाती भरली, वैरागचा डॉक्टर येऊन गेला. मी त्या दिवशी संध्याकाळी कुणाला न सांगता विडा केला. कात, सुपारी, तुला आवडायची ती बडीशेप जास्त. बंडीच्या खिशात घातला आणि निघालो. तुझ्या वाड्याअलीकडच्या कट्ट्यावर पाच-सात जण बसले होते. मला त्या बाजूला येताना बघून गप्प झाले. एकजण म्हणाला, "आबा, वाट चुकला व्हय?" चेष्टाच होती, वाईट बोलला नाही. मी म्हटलं, "वासरू सुटलंय, बघतोय." आणि वीस पावलांवरनं मागं फिरलो. नसलेलं वासरू शोधत घरी आलो.

सकाळी तू गेल्याचं कळलं.

मी आलो तेव्हा तिरडी बांधून झाली होती. खांद्याला भावकीतले तिघं, त्यातला एक लंगडा. गाव आलं होतं सगळं, पण हातभर अंतर राखून. जो तो माझ्या तोंडाकडं बघत होता. वहिनी उंबऱ्यात बसल्या होत्या. मला बघून म्हणाल्या, "आज सवड झाली व्हय, भावजी?"

मी गावाकडं वळून म्हटलं, "पान उघडं." एवढंच निघालं तोंडातनं. मास्तर हळूच म्हणाला, "आबा, विडा?" विडा होता की खिशात. पण त्याचा अर्धा कुणाला देणार होतो? मी पुढच्या उजव्या बांबूला खांदा लावला, मग मागनं सगळे धावले. तू जड नव्हतास. लहानपणी कुस्तीत तुला उचलताना माझा दम निघायचा, आणि आता नुसता बांबू टोचत होता. सगळ्या वाटेनं तो विडा छातीला लागत होता. मनात आलं चितेवर ठेवावा. मग तुझा निरोप आठवला, 'माझ्या आदी दादूला.' मेल्यावर तरी तुझं ऐकावं म्हटलं.

त्या रात्री शंकरला बोलावून बाराव्या नावाचं सांगितलं. वाटलं होतं पोर हादरेल. तो म्हणाला, "आबा, मला ठाव हुतं की. पाटलांनी दुसऱ्या दिशीच निरोप धाडला हुता, कुऱ्हाड आनून दे, धार गेली आसंल." मग मान खाली घालून म्हणाला, "दरसाल हुरड्याची पयली पाटी मी त्येंच्या परड्यात ठेवून यायचो. तुमास्नी सांगितलं न्हाय." माझ्या घरातच माझं पालथं तबक आठ वर्षं कुणी मानलं नव्हतं. बरं झालं. कुणीतरी माझं ऐकलं नाही म्हणून निदान हुरडा तरी तुझ्यापर्यंत पोचला.

दुसऱ्या दिवशी सकाळी, दादू अडतीवर जायच्या आत, मी त्याच्या दारात गेलो. तो पोत्याची खोळ खांद्यावर टाकून निघालाच होता. मला बघून बाजूला सरला, आठ वर्षांची सवय. मी खिशातनं विडा काढला. पानं मऊ पडली होती, कडा काळ्या झाल्या होत्या.

"दादू, घे."

त्यानं विड्याकडं बघून विचारलं, "पाटलास्नी दिला का?"

"ह्यो त्याचाच हाय. पोचला न्हाय."

"त्येंचा मला कसा?"

"त्यानंच सांगितलंय, आदी तुला."

दादूची बायको आतनं चुलीपासनं बघत होती. दादूनं खोळ खाली ठेवली, हात धुतले, विडा घेऊन मधोमध तोडला. अर्धा माझ्या हातावर ठेवला. राहिलेला अर्धा तोंडात घालायच्या आधी म्हणाला, "मग माजा ऱ्हाऊ द्या. ह्यो मी त्येंच्या नावानं खातो. माजा तुमी परत आना, ताजा." मी म्हटलं, "आनतो." दोघं उभ्याउभ्या चावत राहिलो. कात कडू झाला होता. थुंकायला कुणी बाजूला गेलं नाही.

मग मी त्याला म्हटलं, "चल, चावडीवर. पंचायतीला शिपाई पायजे." तो मला पुढं व्हा म्हणाला. मी ऐकलं नाही. फौजदाराला घेऊन तो ज्या गल्लीनं माझ्या दारात आला होता त्याच गल्लीनं त्याला पुढं घातला आणि मी मागनं चाललो. कट्ट्यावर तेच पाच-सात जण बसले होते. गप्प झाले, बघत राहिले. ह्या वेळी मी वासराचं नाव काढलं नाही.